साठवलेला उजेड

इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वीज हळूहळू साठवतो आणि ती सगळी एका क्षणात उजेडावर खर्च करतो. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला ही युक्ती नवी नाही. विहिरीला पाणी कमी असले की लहान मोटारीने रात्रभर हौद भरून घ्यायचा आणि सकाळी तोंड उघडून सगळे पाणी एकदम दांडाला सोडायचे. बारीक धारेने जो वाफा कधीच भिजला नसता, तो असा भिजतो. फ्लॅशगनमधले चार पेन्सिल सेल ही ती बारीक धार, कपॅसिटर हा हौद आणि झेनॉन वायूने भरलेली काचेची नळी हे हौदाचे तोंड. ते तोंड नेमके केव्हा उघडायचे आणि केव्हा बंद करायचे, यासाठीच बाकीची सगळी यंत्रणा असते.

हौद भरण्याचे काम वाटते तितके सरळ नाही. एक सेल दीड व्होल्टचा, चार मिळून सहा व्होल्ट. कपॅसिटर मात्र सुमारे ३३० व्होल्टपर्यंत भरायचा असतो. व्होल्टेज वाढवायला ट्रान्सफॉर्मर लागतो आणि सेलमधून येणाऱ्या एकसारख्या प्रवाहावर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून आतला ट्रान्झिस्टर तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, ट्रान्सफॉर्मर त्या हेलकाव्यांचे व्होल्टेज वाढवतो, डायोड त्यांना पुन्हा एकाच दिशेला वळवतो आणि वीज कपॅसिटरमध्ये जमत जाते. गन चालू केल्यावर जी बारीक शिटी कानावर येते आणि चढत चढत ऐकू येईनाशी होते, ती या चालू-बंदचीच. शेवटी मागचा लाल दिवा लागतो. बहुतेक गनमध्ये हा दिवा हौद काठोकाठ भरण्याच्या थोडा आधीच लागतो, त्यामुळे दिवा लागताक्षणी घाईने घेतलेला फोटो किंचित काळपट येतो. आणखी एखादा सेकंद थांबलेले बरे.

१००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३३० व्होल्टला भरला की त्यात सुमारे ५४ ज्यूल ऊर्जा मावते. आकडा किरकोळ आहे. दहा वॅटचा एलईडी बल्ब साडेपाच सेकंदांत तेवढी ऊर्जा खातो. पण फ्लॅश तीच ऊर्जा साधारण १/१००० सेकंदात मोकळी करतो आणि तेवढ्या क्षणापुरती त्याची शक्ती ५४ किलोवॅट होते. शेतीपंपाच्या हिशेबात पाच हॉर्सपॉवरच्या चौदा मोटारी एकाच वेळी चालल्या, तर जितकी वीज ओढतील तितकी. मुठीत मावणाऱ्या डबीतून हे घडते, ते केवळ वेळ आकसल्यामुळे.

याच कारणाने बंद पडलेली फ्लॅशगन घरी उघडणे धोक्याचे आहे. सेल काढले म्हणून हौद रिकामा होत नाही. कपॅसिटरमध्ये वीज बराच काळ टिकून राहते आणि त्याच्या दोन टोकांना बोट लागले तर बसणारा धक्का जिवावर बेतू शकतो. जाणकार कारागीर आधी रेझिस्टर लावून ती वीज उतरवतो आणि मगच आत हात घालतो.

आता नळी. झेनॉन हा वायू विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये लंडनमध्ये शोधला. हवेत त्याचे प्रमाण कोटीत एखाददुसरा भाग इतके अल्प आहे. हवा थंड करून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या मोठ्या कारखान्यांत तो जोडउत्पादन म्हणून हाती लागतो. नेहमीच्या स्थितीत झेनॉनमधून वीज जात नाही, त्यामुळे नळीच्या दोन टोकांना ३३० व्होल्ट लावून ठेवले तरी काहीच होत नाही. हौद भरलेला, तोंड बंद. ते उघडण्यासाठी नळीच्या बाहेरून गुंडाळलेल्या बारीक तारेला किंवा काचेवरच्या पारदर्शक वाहक थराला एका छोट्या कॉइलमधून काही हजार व्होल्टचा झटका दिला जातो. त्या झटक्याने वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, नळीचा विरोध एकदम कोसळतो आणि कपॅसिटरमधली सगळी वीज शेकडो अँपिअरच्या लोंढ्याने नळीतून धावते. तापलेला वायू पांढरा उजेड फेकतो आणि वीज संपली की विझतो. शटरचे बटण दाबणारा माणूस प्रत्यक्षात फक्त हा छोटा झटका देत असतो.

इतका स्वच्छ क्षण हाती येण्याआधी फोटोग्राफीने बरीच धडपड केली. १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये फॉक्स टाल्बटने गरगर फिरणाऱ्या चकतीवर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला आणि विजेच्या ठिणगीच्या उजेडात त्याचा फोटो घेतला. ठिणगी इतकी अल्पजीवी होती की फिरत्या कागदावरची अक्षरेही ओळखू आली. म्हणजे मूळ कल्पना तेव्हाच सापडली होती, पण ती कामाला लागायला आणखी ८० वर्षे गेली. मधल्या काळात दारूकामाशी नाते सांगणारी साधने आली. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मिथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून पेटणारी पूड तयार केली. भक्कन उजेड, पाठोपाठ पांढरा धूर, आणि प्रमाण चुकले तर भाजलेले हात. १९२९ च्या सुमारास जर्मनीतच काचेच्या बल्बमध्ये ऑक्सिजन आणि ॲल्युमिनियमचा वर्ख कोंडून धूर बंद करण्यात आला. हे बल्ब एकेकदाच चालत. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंकने १९५५ नंतरच्या काही वर्षांत वाफेच्या रेल्वेगाड्यांचे रात्रीचे फोटो अशाच बल्बांच्या लांबलचक माळा तारांनी जोडून काढले. मनमाडचा आणि सोलापूरचा मार्ग जिथे फुटतो, त्या दौंड जंक्शनवर वाढलेल्या माणसाला त्या फोटोंतला अंधार, वाफ आणि ओले रूळ परके वाटणार नाहीत.

आजच्या फ्लॅशचा जनक हॅरॉल्ड एजर्टन. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फिरत्या मोटारींचा अभ्यास करताना त्याने १९३१ च्या सुमारास पुन्हा पुन्हा उडवता येणारी, वायूने भरलेली नळी वापरात आणली. दुधाचा थेंब पडून उसळणारा मुकुट, सफरचंदातून आरपार जाणारी गोळी हे त्याचे फोटो जगभर गाजले. दुसऱ्या महायुद्धात विमानात बसवलेल्या त्याच्या प्रचंड फ्लॅशने नॉर्मंडीच्या चढाईच्या तोंडावर, जून १९४४ मध्ये, रात्रीच्या अंधारात जमिनीची टेहळणी झाली.

फ्लॅश वापरताना सगळ्यात आधी समजून घ्यायची आणि सर्वांत कमी समजावली जाणारी गोष्ट अशी की, फ्लॅश लावून घेतलेल्या प्रत्येक फोटोत दोन फोटो एकावर एक बसलेले असतात. एक तिथे आधीपासून असलेल्या उजेडाचा, दुसरा फ्लॅशचा. शिरूरच्या एखाद्या मंगल कार्यालयात गोरज मुहूर्ताचे लग्न लागते आहे असे धरू. मागे लाइटिंगच्या माळा, स्टेजवर हॅलोजन, पुढे नवरा-नवरी. शटर १/६० सेकंद उघडे राहिले तर माळांचा आणि हॅलोजनचा उजेड ते सगळे १/६० सेकंद आत येत राहतो. फ्लॅश मात्र त्या १/६० मधल्या एका इवल्या तुकड्यात येऊन जातो. शटर १/३० केले तर माळा दुप्पट उजळ येतील, फ्लॅशने उजळलेला नवरीचा चेहरा तेवढाच राहील. कारण फ्लॅश संपल्यावर शटर कितीही वेळ उघडे ठेवले तरी फ्लॅशकडून आणखी काही मिळणार नसते. म्हणून शटर मागच्या उजेडावर सत्ता चालवते. ॲपर्चर म्हणजे लेन्सचे छिद्र आणि आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, हे दोन्ही उजेडांवर चालतात. फ्लॅशची शक्ती फक्त फ्लॅशवर. ही चार बटणे आणि त्यांचे हे नाते एकदा हाताला बसले की चेहरे पांढरेफटक आणि मागे काळोखी गुहा असे फोटो निघणे थांबते. ज्या फोटोग्राफरच्या अल्बममध्ये कार्यालयाची रोषणाई आणि माणसे दोन्ही जिवंत दिसतात, त्याने बहुधा शटर सावकाश ठेवलेले असते.

वरातीत हेच नाते आणखी रंगते. घोड्यावरचा नवरदेव पुढे सरकतो आहे, बाजूला बँडवाल्यांचे दिवे. शटर १/१५ ठेवले तर दिव्यांच्या रेघा उमटतात आणि फ्लॅशच्या क्षणी नवरदेव ठसठशीत गोठतो. पण कॅमेरे सहसा शटर उघडताच फ्लॅश उडवतात. मग आधी नवरदेव गोठतो आणि रेघा त्यानंतर, म्हणजे त्याच्या पुढच्या बाजूला उमटतात. वरात उलटी चालल्यासारखी दिसते. यासाठी कॅमेऱ्यात मागच्या पडद्याच्या सिंकची सोय असते. फ्लॅश शटर मिटण्याच्या ऐन आधी उडतो, रेघा मागे पडतात आणि वरात पुढे निघते.

शटर सावकाश करायला मोकळीक आहे, वेगवान करायला मात्र हद्द आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर दोन पडदे असतात. पहिला खाली सरकून सेन्सर उघडा करतो, ठरलेल्या वेळाने दुसरा त्याच्या मागोमाग येऊन तो झाकतो. साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत एक क्षण असा येतो की पहिला पडदा पूर्ण खाली गेलेला असतो आणि दुसरा निघालेला नसतो. फ्लॅश त्याच क्षणी उडायला हवा. या हद्दीलाच सिंक स्पीड म्हणतात. याहून वेगवान शटरला पहिला पडदा पोचायच्या आत दुसरा निघतो आणि सेन्सरवरून नुसती एक फट सरकत जाते. तेव्हा फ्लॅश उडाला तर दुसऱ्या पडद्याखाली गेलेला भाग अंधारात राहतो. लेन्समधून प्रतिमा उलटी पडत असल्याने वरून आलेल्या पडद्याची काळी पट्टी आडव्या फोटोत खालच्या बाजूला दिसते. पेंटॅक्स के-१००० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांत कापडी पडदे आडवे सरकत आणि सिंकची हद्द १/६० होती.

भर दुपारी फ्लॅश कशाला, असे कुणालाही वाटेल. पण वैशाखातल्या दुपारच्या मुहूर्ताला मंडपाबाहेर फेट्याची आणि मुंडावळ्यांची काळी सावली डोळ्यांवर पडते. ती उचलायला फ्लॅश लागतोच, आणि रात्रीपेक्षा जास्त ताकदीचा लागतो. कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवले तर ॲपर्चर एफ-११ पर्यंत मिटवावे लागते आणि इतक्या लहान छिद्रातून फ्लॅशचाही उजेड कमीच आत येतो. आधुनिक गनमध्ये यावर हाय स्पीड सिंकचा उतारा आहे. फट सरकत असताना गन एकाच भडक्याऐवजी सेकंदाला हजारोंच्या गतीने बारीक भडके देत राहते आणि सेन्सरचा प्रत्येक पट्टा उजळते. फुकट मात्र काही नाही. उजेडाचा मोठा भाग पडद्यांवरच वाया जातो आणि गनचा पल्ला बराच घटतो.

फ्लॅश किती वेळ जळतो हे अक्षतांच्या क्षणी कळते. अंतरपाट खाली येतो आणि चहूबाजूंनी तांदूळ उडतात. टाकलेल्या अक्षतेचा वेग सेकंदाला पाच मीटर धरला तर १/६० सेकंदात दाणा आठ सेंटीमीटर पुढे जातो. फ्लॅश नसेल तर फोटोत दाणे नसतात, नुसत्या पुसट रेघा. पूर्ण शक्तीच्या फ्लॅशचा भडका १/१००० सेकंदाचा असेल तर तेवढ्यात दाणा पाच मिलिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या लांबीइतका. तो दुप्पट लांब आणि मऊ दिसतो. गनची शक्ती १/१६ वर आणली की भडका १/१०,००० सेकंदाच्या घरात जातो, सरक अर्ध्या मिलिमीटरवर येते आणि हळद-कुंकू लागलेला दाणा न् दाणा हवेत लटकलेला दिसतो. हातात धरायच्या गनमध्ये शक्ती कमी करणे म्हणजे उजेड मंद करणे नव्हे. भडका तितक्याच जोराने सुरू होतो, फक्त मध्येच तोडला जातो. म्हणूनच कमी शक्तीचा फ्लॅश हालचाल अधिक नीट पकडतो, आणि हौद पूर्ण रिकामा होत नसल्याने पुढचा फ्लॅशही लगेच तयार असतो. सेल नुकतेच बदललेले असोत वा नसोत, अक्षतांच्या वेळी पूर्ण शक्ती वापरणे ही चूकच.

हा भडका तोडण्याचे तंत्र पायरीपायरीने सुधारत गेले. सुरुवातीच्या ऑटो गनच्या तोंडावर एक छोटा डोळा असे. समोरच्या माणसावरून परतलेला उजेड तो मोजायचा आणि पुरेसा झाला की उरलेली वीज आतल्या दुसऱ्या नळीत जाळून टाकायचा. बचत काहीच नाही. थायरिस्टर हा विजेचा जलद स्विच आल्यावर उरलेली वीज हौदातच राहू लागली. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ कॅमेऱ्याने हे मोजमाप लेन्सच्या मागे, थेट फिल्मवरून परतणाऱ्या उजेडावर आणले. डिजिटल सेन्सर फिल्मसारखा उजेड परतवत नाही. त्यामुळे आताचा कॅमेरा खऱ्या फ्लॅशच्या अगोदर एक क्षीण चाचणी फ्लॅश टाकतो, किती उजेड परत येतो ते मोजतो आणि मग खरा फ्लॅश किती वेळ चालवायचा ते ठरवतो. डोळ्याला हे दोन्ही भडके एकच वाटतात. पण ज्यांची पापणी चपळ असते ते पहिल्या भडक्याला डोळे मिटू लागतात आणि दुसऱ्याला मिटलेले सापडतात. एखाद्या काकूंचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेलेच येत असतील तर दोष त्यांचा नाही. गन मॅन्युअलवर टाकली की चाचणी भडका बंद होतो आणि काकूंचे डोळे उघडे येतात.

अंतर वाढले की फ्लॅशचा उजेड झपाट्याने विरळ होतो. एका मीटरवर जितका उजेड, त्याच्या चौथाई दोन मीटरवर आणि नवव्या हिश्श्याइतका तीन मीटरवर. उजेड दुप्पट अंतरावर जाईपर्यंत दुप्पट उंचीच्या आणि दुप्पट रुंदीच्या जागेवर पसरतो, म्हणून हा वर्गाचा हिशेब. शाळेच्या गॅदरिंगचा किंवा सगळ्या भावकीचा ग्रुप फोटो घेताना याच्याशी गाठ पडते. पुढची रांग दोन मीटरवर आणि मागची चार मीटरवर असेल तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथाई उजेड मिळतो. खाली बसलेली मुले पांढरी पडतात, मागे उभे असलेले मामा-काका काळवंडतात. सगळ्यांना तसेच ठेवून कॅमेरा आणि फ्लॅश चार मीटर मागे नेला तर अंतरे सहा आणि आठ मीटर होतात आणि मागच्या रांगेला पुढच्या रांगेच्या निम्म्याहून अधिक उजेड मिळतो. शक्ती जास्त लागेल, पण भावकी एकसारखी दिसेल.

गनचा पल्ला सांगायला गाइड नंबर असतो. आयएसओ १०० ला गाइड नंबर ४० मीटर असलेली गन एफ-८ वर पाच मीटरपर्यंत पोचते, एफ-४ वर दहा मीटरपर्यंत. चाळीसला ॲपर्चरच्या आकड्याने भागले की झाले. आयएसओ ४०० केला की पल्ला दुप्पट. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा गनचे डोके पूर्ण झूम करून, उजेड अरुंद झोतात गोळा करून मोजलेला असतो. रुंद लेन्सला प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो, हे विकत घेताना ध्यानात ठेवावे.

उजेड पुरेसा असणे एक आणि चांगला असणे दुसरे. कॅमेऱ्यावर बसवून सरळ तोंडावर मारलेला फ्लॅश चेहरा सपाट करतो, कपाळावरचा घाम चमकवतो आणि मागच्या भिंतीवर कडक काळी सावली टाकतो. याचे कारण उजेडाच्या उगमाचा आकार. गनचे तोंड चार-सात सेंटीमीटरचे. इतक्या लहान उगमाची सावली धारदारच पडणार. तेच तोंड वर करून पांढऱ्या छताकडे वळवले की छताचा मोठा उजळलेला भाग हाच उगम होतो, सावल्या मऊ होतात आणि उजेड वरून पडल्याने चेहऱ्याला घडण येते. यात उजेडाची मोठी किंमत मोजावी लागते. गनपासून छत आणि छतापासून चेहरा असे सगळे अंतर धरले जाते, शिवाय छतही थोडा उजेड गिळते. कार्यालयाचे पांढरे पीओपीचे छत या कामाला उत्तम. उंच पत्र्याच्या शेडमध्ये उजेड वरच हरवतो. आणि लाल-गुलाबी कापडाच्या मंडपात बाउन्स केलात तर सगळे वऱ्हाड लालेलाल निघते, कारण कापड आपलाच रंग परत पाठवते.

गनच्या तोंडावर बसवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीबद्दल मोठा गैरसमज आहे. खोलीत ती उजेड चारी बाजूंना फेकते आणि भिंती तो परतवतात, म्हणून तिथे फायदा दिसतो. उघड्या माळावर परतवायला भिंतच नसते. तिथे डबी सेल संपवते आणि पल्ला खाते, बाकी काही करत नाही. तिच्यावर पैसे घालवण्यापेक्षा छत्री, सॉफ्टबॉक्स किंवा अगदी थर्माकोलची मोठी पांढरी शीटसुद्धा जास्त कामाची.

दिशेचा परिणाम पाहायचा तर यवतजवळच्या भुलेश्वरला जावे. यवत दौंड तालुक्यात, मंदिर तिथून डोंगरावर, पुरंदरच्या हद्दीत. आत काळ्या दगडातले कोरीव काम आणि दाट अंधार आहे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ मारला तर मूर्ती कागदावर काढल्यासारख्या चपट्या दिसतात, कारण खोलगटातही समोरूनच उजेड शिरतो आणि सावली उरत नाही. परवानगी घेऊन तीच गन कॅमेऱ्यापासून वेगळी केली आणि रेडिओ ट्रिगरवर भिंतीलगत, बाजूने तिरपी उडवली, की छिन्नीचा घाव न् घाव उठून दिसतो.

रंगाचाही प्रश्न आहे. झेनॉनच्या उजेडाचे रंगमान ५५०० ते ६००० केल्व्हिन, साधारण दुपारच्या उन्हासारखे. हॅलोजनचे ३००० च्या आसपास, म्हणजे पिवळसर. हळदीच्या कार्यक्रमात हा फरक डोळ्यांत भरतो. फ्लॅशसाठी कॅमेरा लावला तर हळद खऱ्या रंगात दिसते पण मागचा हॅलोजनने उजळलेला मांडव नारिंगी होतो. हॅलोजनसाठी लावला तर नवरी निळसर पडते आणि हळदीचा तजेलाच जातो. यावर उपाय सोपा आहे. गनच्या तोंडावर नारिंगी जिलेटीनचा कागद लावायचा, म्हणजे दोन्ही उजेड एका रंगाचे होतात आणि मग कॅमेरा एकदाच जुळवायचा.

आज बहुतेक फोटो मोबाइलवर निघतात आणि मोबाइलमधला फ्लॅश हा फ्लॅश नसून एलईडी आहे. तो ऊर्जा साठवून क्षणात सोडत नाही, फोटो निघेपर्यंत नुसता पेटून राहतो. त्याची शक्ती झेनॉनच्या भडक्यापुढे नगण्य आहे, म्हणून त्याने धावते पोर गोठत नाही आणि चार पावलांपलीकडचा माणूस उजळत नाही. त्या अंतरावर तो बंद ठेवलेलाच चांगला.

फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असला की डोळे लाल येतात. अंधारात बाहुली मोठी झालेली असते. उजेड तिच्यातून सरळ आत जातो, डोळ्याच्या मागच्या रक्ताळलेल्या थरावरून लाल होऊन आल्या वाटेने परततो आणि शेजारीच असलेल्या लेन्समध्ये शिरतो. फ्लॅश लेन्सपासून दूर नेला की परतीची वाट चुकते आणि लाली जाते. मांजर, कुत्रा, बिबट्या यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा आणखी एक थर असतो. अंधारात न टिपला गेलेला उजेड तो पुन्हा एकदा डोळ्याच्या पडद्यावर पाठवतो, म्हणून त्यांचे डोळे लाल न दिसता हिरवट-पिवळे पेटतात. उसाच्या बांधावर बॅटरीच्या झोतात ते दोन ठिपके पाहिलेला माणूस शिरूर तालुक्यात शोधावा लागत नाही.

याच बिबट्यांमुळे फ्लॅश या भागात लग्नमंडपाबाहेरही कामाला लागला आहे. शिरूर तालुका जुन्नर वन विभागात येतो आणि उसाच्या पट्ट्यात बिबटे राहतात, पिल्ले घालतात. त्यांचे माणसाशी होणारे झगडे दोघांच्याही जिवावर बेततात, म्हणून किती आहेत हे नेमके कळणे गरजेचे असते. ठशांवरून मोजणी कच्ची राहते. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून अभ्यास केला. १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचा त्यांचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे बिबटे जंगलात नव्हते, माणसांच्या दाट वस्तीत आणि पिकांत राहत होते.

असा कॅमेरा झाडाला किंवा खुंटाला गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. समोरून गरम अंगाचा प्राणी हलला की सेन्सर जागा होतो आणि फोटो निघतो. अदृश्य अवरक्त उजेडाचे कॅमेरे प्राण्याला दचकवत नाहीत आणि चोरांच्याही नजरेत येत नाहीत, पण चालत्या बिबट्याचा फोटो कृष्णधवल आणि बऱ्याचदा हललेला येतो. झेनॉनचा पांढरा भडका तोच बिबट्या रंगांसकट गोठवतो आणि अंगावरचा एकेक ठिपका मोजता येतो. दोन बिबट्यांच्या ठिपक्यांची मांडणी कधीच सारखी नसते. आधारसाठी घेतलेल्या बोटांच्या ठशांसारखी तीच त्यांची ओळख. एकाच बिबट्याच्या डाव्या कुशीवरची मांडणीही उजव्या कुशीवर नसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावावा लागतो, आणि तोही अगदी समोरासमोर न बांधता किंचित पुढेमागे, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या लेन्समध्ये जातो.